वालधुनीकाठचं मंदिर ते उल्हास नदीचा पूर

अंबरनाथचं शिवमंदिर पाहायला गेलात तर त्याचं वय लक्षात ठेवून पाहा. इथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, आणि शिलाहार राजा मम्मुणी यांचा उल्लेख आहे. भूमिज शैलीतलं हे मंदिर वालधुनी नदीच्या काठी उभं आहे. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात आणि बाहेरच्या भिंतीवर शिल्पांची नुसती दाटी! महाराष्ट्रातल्या सर्वांत सुंदर मंदिरांपैकी हे एक, असं माझं ठाम मत.

शेजारच्या उल्हासनगरचा इतिहास मात्र अगदी अलीकडचा. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी शहराची पायाभरणी केली. आजही इथला पत्ता 'कॅम्प नंबर'नेच सांगतात. रिकाम्या हाताने आलेल्या माणसांनी इथे केवढी बाजारपेठ उभी केली!

आणि जवळच्या बदलापूरची आठवण? ती पुराची. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली. हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर आले. एनडीआरएफ, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं.