मूल उशिरा चालते तेव्हा

पहिला वाढदिवस झाला तरी बाळ पाऊल टाकीत नाही, अशी काळजी आईने बोलून दाखवली की घरातील वडीलधारी मंडळी धीर देतात, "त्याचा बापही उशिराच चालला होता." पुष्कळदा ते खरेही ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या, भारतासह पाच देशांतील पाहणीत निरोगी मुले साधारण ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान आधाराविना चालू लागल्याचे आढळले. मात्र दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, तर केवळ धीर देऊन भागत नाही; बालरोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक ठरते.

अशा काही मुलांचे स्नायू शिथिल असतात. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला हायपोटोनिया म्हणतात. विश्रांतीच्या वेळीही स्नायूंत जो थोडा ताण असतो, तो या मुलांत कमी असतो. काखेत हात घालून उचलले असता असे बाळ निसटेल की काय, असे वाटते. ते मान उशिरा धरते, उशिरा बसते.

शिथिलता हे लक्षण आहे, रोग नव्हे. डाऊन सिंड्रोम, थायरॉइडची कमतरता, 'ड' जीवनसत्त्वाचा अभाव, मेंदूचे किंवा स्नायूंचे विकार अशी तिची कारणे असू शकतात. कधी कारण सापडतही नाही. थायरॉइड व 'ड' जीवनसत्त्वाची उणीव औषधाने भरून काढता येते, म्हणून तपासणी टाळू नये. शिकलेली हालचाल मूल विसरू लागले, तर एक दिवसही थांबू नये.

फिजिओथेरपी म्हणजे मालिश नव्हे. स्नायू बळकट होतात ते बाळाने स्वतः केलेल्या हालचालीने. व्यायामाने स्नायूंचा मूळचा ताण फारसा बदलत नाही. परंतु बळ, तोल आणि दम वाढतो, आणि चालण्यासाठी तेच लागते. तज्ज्ञांनी शिकवलेले व्यायाम घरी खेळातूनच करून घ्यावेत. बाळाला पाटावर बसवून समोर उंचावर खेळणे धरावे, म्हणजे ते पायांवर भार देऊन उठते. दिवाणाच्या कडेने खेळणी मांडावीत, म्हणजे ते धरून धरून बाजूला सरकते. एकदाच तासभर दमवण्यापेक्षा दिवसातून अनेकदा पाच-पाच मिनिटे बरी.

बसून फिरायचा चाकांचा वॉकर मात्र आणू नये. त्यात बाळ स्वतःचा तोल सावरायला शिकत नाही, शिवाय अपघात होतात. कॅनडाने २००४ साली त्यावर बंदीच घातली. उभे राहून ढकलायचा आपला पांगुळगाडा निराळा; मूल आधाराने उभे राहू लागल्यावर, मोठ्यांच्या देखरेखीखाली तो उपयोगी पडतो.

खर्चाच्या भीतीने उपचार थांबवू नयेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघर येथूनच झाला. त्याखाली अंगणवाडीत मुलांची तपासणी होते व गरजू मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे विनामूल्य उपचारांसाठी पाठवले जाते.

आणखी एक गोष्ट. मूल उशिरा चालते म्हणून आईला बोल लावू नये. व्यायामाचा मोठा भार बहुधा तीच वाहते. आजी-आजोबांनी आणि वडिलांनी दिवसातील एक-एक खेळ आपल्याकडे घेतला, तर बाळाला सराव मिळेल आणि आईला विसावा.