संगणकातील लोखंड

विजेची मोटर अथवा रोहित्र प्रत्यक्ष घडविण्यापूर्वी ते संगणकात लुटुपुटीचे घडवून पाहण्याची रीत आता सर्वत्र रूढ झाली आहे. पडद्यावर यंत्राची आकृती काढावयाची, तिचे हजारो लहान त्रिकोण पाडावयाचे आणि प्रत्येक त्रिकोणात चुंबकीय क्षेत्र किती, हे संगणकाकडून काढून घ्यावयाचे. डेव्हिड मीकर यांनी रचलेली ‘एफईएमएम’ ही विनामूल्य आज्ञावली याच कामाची आहे. नवशिका माणूस आकृतीवर तासन् तास खर्ची घालतो. परंतु ती आकृती कशाची बनली आहे, या प्रश्नाचे उत्तर मात्र यादीतील एका नावावर बोट ठेवून क्षणात देऊन टाकतो. निकालाचा खरेखोटेपणा बहुतांशी त्या क्षणीच ठरतो, असे माझे मत आहे.

संगणकाला लोखंड ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते ते केवळ आकड्यांचे एक कोष्टक : चुंबकन करणारा जोर इतका असेल, तर लोखंडात चुंबकीय स्रोताची घनता किती होईल. लोखंड, पोलाद आणि निकेल यांच्याविषयी अशी मोजमापे अमेरिकन शास्त्रज्ञ हेन्री रोलंड यांनी १८७३ साली प्रसिद्ध केली होती. या कोष्टकाची वक्ररेषा आरंभी झपाट्याने चढते. पण मोटरीच्या पोलादात दीड टेस्लाच्या पुढे ती वाकू लागते, आणि दोन टेस्लाच्या आसपास लोखंडाची तृप्ती होते. त्यानंतर ते हवेहून फारसे अधिक काही देत नाही.

आता समजा, आपण भरलेले कोष्टक १.६ टेस्लापाशीच संपले. संगणक थांबत नाही. शेवटच्या टप्प्यावरील चढ तसाच पुढे सरळ ओढून तो गणित पुरे करतो. मग तृप्त न होणारे, जगात कोठेही न मिळणारे लोखंड त्या मोटरीत बसते व तिचा जोर कागदावर भलताच वाढतो. प्रत्यक्षात घडविलेली मोटर तेवढा जोर देत नाही. तो काढण्यासाठी प्रवाह वाढवावा, तर तारेचे वेटोळे तापते. म्हणून गुणधर्म बदलण्याच्या चौकटीत जाऊन कोष्टक तृप्तीच्या पलीकडपर्यंत नेणे अगत्याचे असते.

कायम चुंबकाची गोष्ट याहून नाजूक. १.३ टेस्लाच्या निओडिमियम चुंबकासाठी २० अंशांना निग्रही बलाचा आकडा सुमारे ९ लाख ८५ हजार अँपिअर प्रतिमीटर भरावा लागतो. परंतु चालत्या मोटरीत चुंबक १०० अंशांपर्यंत तापू शकतो, आणि दर अंशास त्याचे चुंबकत्व सुमारे ०.१२ टक्का घटते. तेव्हा तोच आकडा ८ लाख ९० हजारांच्या जवळ आणला पाहिजे. एवढ्यानेही भागत नाही. सरळ रेषेने वर्णिलेला चुंबक संगणकात कधीच निकामी होत नाही. खरा चुंबक उष्णता आणि विरोधी क्षेत्र एकत्र आले, की आपले चुंबकत्व कायमचे गमावू शकतो. त्याच्या वक्ररेषेचा गुडघ्यासारखा वाकलेला भाग कोष्टकात असला, तरच हा धोका आधी दिसतो.

आकडे बदलताना मूळ संग्रहाला हात लावू नये. पदार्थाची प्रत आपल्या प्रतिकृतीत आणावी आणि तिला नवे नाव द्यावे, शक्य तर तापमानासह. सरकारी दप्तरात मूळ कागदावर खाडाखोड करीत नाहीत, ते उगाच नव्हे! गाभा पातळ पत्र्यांचा असेल, तर त्यांमधील विद्युत्-रोधक थरामुळे लोखंड शंभरात पंचाण्णव भागच उरते, हेही भरावे.

राहता राहिला कारखाना. ठोकून कापलेल्या पत्र्याच्या कडेला ताण राहतो व तेथील चुंबकीय गुण खालावतात. मोटरीचे दाते अरुंद असल्याने हा कडेचा भाग दुर्लक्षिण्याजोगा नसतो. पोलाद पुरवणाऱ्याचे कोष्टक बहुधा न ठोकलेल्या पट्टीचे असते. त्याच घाणीच्या पत्र्यातून, त्याच ठशाने कडी कापून तिच्यावर तारेचे वेढे द्यावेत, मोजमाप घ्यावे आणि तेच आकडे चौकटीत भरावेत. रोलंडनेही कड्याच मोजल्या होत्या.