आज रोख, उद्या महाग

सकाळी ६.३०

पालखी गावात असली की आमच्या दुकानाचं शटर साडेसहालाच वर जातं. आदल्या दिवशी, योगिनी एकादशीला, दिवे घाट चढून माऊलींची पालखी सासवडला आली होती. ३ जुलै २०२४, बुधवार, हा दुसरा मुक्काम. पुढचा टप्पा जेजुरी. रस्त्यावर टँकरपाशी आंघोळीची गर्दी, माझ्या पायरीवर चार्जर घेऊन बसलेल्यांची. दोन एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर सरकवले आणि काचेवरचा दरांचा कागद खरवडायला घेतला.

जिओ आणि एअरटेलचे दर मध्यरात्रीपासून वाढले होते. व्होडाफोन-आयडियाचे ४ तारखेपासून वाढणार होते. म्हणजे त्या एका दिवसापुरत्या काचेवर दोन कंपन्या नव्या दराच्या आणि एक जुन्या दराची. लिहीत गेलो: जिओचा १५५ चा पॅक १८९, २३९ चा २९९, २९९ चा ३४९. एअरटेलचा १७९ चा १९९, २६५ चा २९९, २९९ चा ३४९. दिवसभर वाद कशावरून होणार ते लिहितानाच दिसलं. २९९ वरून.

सकाळी ८

गिऱ्हाईक पॅक जीबीने मागत नाही, आकड्याने मागतं. "दोनशे नव्व्याण्णव मार," एवढंच. आता तोच आकडा कायम, पण आतला माल बदललेला. जिओच्या २९९ मध्ये कालपर्यंत रोज २ जीबी, आजपासून दीड. एअरटेलच्या २९९ मध्ये काल दीड, आज एक. व्होडाफोन-आयडियाच्या २९९ मध्ये आज दीड, उद्या एक. प्रत्येकाला आधी कंपनी विचारायची, मग हे सगळं सांगायचं, मगच बटण दाबायचं. नाहीतर दुपारी तोच माणूस परत दारात: "अर्ध्या दिवसात डेटा संपला, तू भलताच पॅक मारलास."

डेअरीला दूध घालून परतणारा एक जण गाडीवरूनच ओरडला, "दादा, आपला नेहमीचा!" नेहमीचा म्हणजे जिओचा २३९.

"तो आता २९९ ला."

त्याने गाडी बंद केली. "साठ रुपये? दोन लिटर दूध गेलं की माझं." मग पैसे काढता काढता म्हणाला, "आम्ही लिटरला एक रुपया वाढवून मागितला तर मोर्चा काढावा लागतो."

त्याच्यामागे कॉलेजचा मुलगा. त्याचं दुखणं वेगळं. आधी २३९ च्या पॅकवर फाइव्ह-जी अमर्याद होतं. आता ते रोज २ जीबी आणि त्यावरच्या पॅकलाच राहिलं, म्हणजे निदान ३४९. "मग माझी वाढ साठची नाही, एकशेदहाची," तो म्हणाला. हिशेब बरोबर होता. कागदावर पंचवीस टक्के वाढ, त्याच्या खिशाला शेहेचाळीस.

सकाळी १०

वारकऱ्यांची रांग. इथे सगळेच माऊली. कंपनी कुठलीही असो. परभणीकडच्या एका दिंडीतले म्हातारेबाबा पुढे झाले, हातात जिओ भारतचा साधा बटणांचा फोन. १२३ रुपये हातात आधीच मोजून धरलेले, आणि चेहऱ्यावर भांडायची तयारी.

"बाबा, तुमचा वाढला नाही. १२३ च आहे."

"खरं म्हणतो का? सगळे तर म्हणायले वाढलं."

जिओ फोन आणि जिओ भारतचे दर कंपनीने तसेच ठेवले होते. त्या दिवशी माझ्या काउंटरवर ही एवढी एकच गोड बातमी होती आणि ती मी बाबांना दोनदा सांगितली.

त्यांच्यासोबतच्या दोघांकडे एअरटेल. दोघांचेही पॅक संपलेले. १७९ चे १९९ झाले म्हटल्यावर ते बाजूला जाऊन बोलले आणि परत येऊन एकाच फोनवर रिचार्ज मारायला सांगितलं. "याच्यावरच सगळ्यांच्या घरचे फोन येतील. एकादशी झाल्यावर दुसऱ्याचं बघू." मी तारीख मोजून दिली: अठ्ठावीस दिवस म्हणजे ३० जुलैपर्यंत. एकादशी १७ ला. पंढरपूर होऊन घरी पोचेपर्यंत पुरतंय.

"महिना तिसाचा अन् पॅक अठ्ठावीसचा कसा काय?" दुसऱ्याने विचारलं. हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतंच. अठ्ठावीसने भागलं की वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. तीस दिवसांचा निदान एक तरी पॅक ठेवा, असं दूरसंचार नियामक ट्रायने २०२२ मध्ये कंपन्यांना बजावलं. तसे पॅक आले, पण खपतात आजही अठ्ठावीसचेच. सगळ्यांत खालचे पॅक बहुतेक तेवढ्याच मुदतीचे असतात.

सकाळी ११.३०

सासवड तालुक्याचं गाव. तहसील, सेतू, झेरॉक्स, सगळं हाकेच्या अंतरावर. 'माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज १ जुलैपासून सुरू झालेले. मुदत १५ जुलैवरून ३१ ऑगस्ट केल्याची घोषणा आदल्याच दिवशी झाली होती, तरी गर्दी काही हटली नव्हती. दाखल्यांच्या रांगेतून बाया थेट माझ्याकडे येत होत्या. अर्जात मोबाइल नंबर लागतो, आणि ओटीपी यायचा तर नंबर चालू पाहिजे.

बऱ्याच जणींचा नंबर आधारला जोडलेला, पण फोन घरात पडून. रिचार्ज नाही, म्हणून आधी बाहेर जाणारे फोन बंद झाले, काही दिवसांनी येणारेही. एक मावशी म्हणाल्या, "मला कुणाला फोन करायचा नाही, इंटरनेट नको. नुसता तो नंबर आला पाहिजे. त्याचे किती?"

त्याचे १८९. नुसत्या इनकमिंगचा वेगळा पॅक नव्हता.

मावशींना पूर्वीचं आठवत होतं. एकदा सिम घेतलं की फोन येतच राहायचे, बोलायचं असेल तेव्हा दहा रुपयांचा टॉपअप. ते २०१८ च्या अखेरीस बदललं. इनकमिंग चालू ठेवायचं तर दर अठ्ठावीस दिवसांना निदान ३५ रुपये भरा, अशी अट आली. पुढे तळाचा आकडा एअरटेलवर ७९ झाला, ९९ झाला, १५५ झाला आणि त्या सकाळी १९९. पॅकमध्ये मिळणारं दरवेळी थोडंफार बदलत गेलं, पण फोन नुसता जिवंत ठेवायचं भाडं चढतच गेलं. "योजनेचे दीड हजार मिळायच्या आधीच एकशे एकोणनव्वद कापले म्हणायचे," मावशी म्हणाल्या. शेजारच्या बाईने त्यांना वीस रुपये काढून दिले.

दुपारी १.३०

जेवायची वेळ, पण नेमका तेव्हाच एका कंपनीचा एफओएस, म्हणजे वितरकाचा पोरगा, बॅलन्सचे पैसे घ्यायला आला. आमचा धंदा लापूवर, म्हणजे दुकानदाराच्या रिचार्ज-खात्यावर, चालतो. आधी आपण वितरकाकडून लापूत बॅलन्स भरून घ्यायचा, मग त्यातून गिऱ्हाइकाला रिचार्ज द्यायचा. कमिशन शेकड्याला दोन-तीन रुपये. लोकांना वाटतं दर वाढले म्हणजे दुकानदाराची चांदी. १५५ चे १८९ झाले तेव्हा माझ्या वाट्याला रुपयाही धड वाढला नाही. उलट तेवढीच गिऱ्हाइकं सांभाळायला लापूत पाचव्या-चौथ्या हिश्शाने जास्त पैसे गुंतवावे लागले. ऐकून घ्यायचं ते वेगळंच. शिव्या कंपनीच्या मुख्यालयात पोचत नाहीत, काउंटरपाशी थांबतात.

एफओएसने वरून आलेलं कारण सांगितलं. एअरटेलने जाहीरच केलं होतं की धंदा निरोगी राहायला दर गिऱ्हाइकामागे महिन्याला ३०० रुपयांच्या वर उत्पन्न लागतं. जिओने २७ जूनला वाढ जाहीर केली, बाकी दोघांनी दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, पूर्वी एकाने वाढवलं की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पळायचं. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा लावला तेव्हा बाकीच्यांना खाली यावं लागलं. तेव्हा माझ्या भिंतीवर एअरसेल, युनिनॉर, रिलायन्स, आयडिया, व्होडाफोन असे बोर्ड मावत नव्हते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ फुकट घेऊन आलं, आणि दोन-तीन वर्षांत त्यातले बहुतेक बोर्ड भंगारात गेले. आता खाजगी तीनच उरल्या. तिघी एकाच आठवड्यात वाढवणार असतील तर गिऱ्हाइकाने पळायचं कुठे?

दुपारी ३.३०

त्याचं उत्तर दुपारी दुकानात आलं: बीएसएनएलमध्ये. सरकारी कंपनीने दर वाढवले नव्हते. १०७ रुपयांत पस्तीस दिवस, १९९ मध्ये तीस दिवस आणि रोज २ जीबी. ही पत्रकं मी मागच्या कपाटातून काढली तेव्हा त्यांच्यावर धूळ होती.

पोर्ट मारायचं काम वेळखाऊ. 'पोर्ट' लिहून पुढे नंबर टाकायचा आणि १९०० वर एसएमएस करायचा. कोड येतो, तो चार दिवस चालतो. मग आधार, डोळे मिचकावून फोटो, नवं सिम. नंबर फिरायला तीनेक कामाचे दिवस. आताच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले पाहिजेत. आणि १ जुलैपासून नवीन नियम: हरवलेलं सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस कोडच मिळत नाही. एका तरुणाने आदल्याच शनिवारी सिम बदललेलं. "म्हणजे राग आला तरी आठवडाभर थांबायचं," म्हणाला.

प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारत होतो: तुझ्या घरात, तुझ्या शेतात रेंज कुणाची येते? शेजाऱ्याचा फोन घेऊन मळ्यात उभा राहून बघ, मग ये. दोघे बघायला म्हणून गेले आणि आले नाहीत. पण बरेच जण दुसरं सिम म्हणून घेऊन गेले. नंबर जुन्या कंपनीत, डेटा नव्या सिमवर. पुढे ट्रायचे जुलैचे आकडे आले. देशभरात एअरटेलचे सुमारे १६.९ लाख, व्होडाफोन-आयडियाचे १४.१ लाख आणि जिओचे साडेसात लाख ग्राहक कमी झाले होते. बीएसएनएलचे २९ लाखांनी वाढले होते. त्यातले काही माझ्या काउंटरवरचे, हे सांगताना मला अजून गंमत वाटते.

संध्याकाळी ६

शाळा सुटल्यावर एक सर फोनला काच बसवायला आले. रिचार्जचं विचारलं तर हसले. आदल्या रात्री घरबसल्या चौघांच्या फोनवर जिओचे वर्षाचे पॅक टाकून झाले होते. चालू पॅक संपला की तो आपोआप सुरू होतो. २९९९ चा पॅक आता ३५९९ ला. माणशी सहाशे, चौघांचे चोवीसशे वाचले. त्यासाठी त्यांना एका रात्रीत बारा हजार काढावे लागले, आणि ते त्यांच्याकडे होते.

ते काच बसवून घेत असताना कांद्याच्या चाळीवर काम करणारी एक बाई आली. तिचा १५५ चा पॅक त्याच दिवशी संपलेला. तिने १८९ मोजून दिले, सुटे. २७ जूनची बातमी तिनेही ऐकली होती. पण पॅक संपायच्या आधी दुसरा घ्यायला लागणारे पैसे शनिवारच्या पगाराआधी हातात येत नाहीत.

दरवाढ सगळ्यांना एकाच दिवशी लागू झाली, पण सगळ्यांना सारखी लागली नाही. ज्याच्याकडे आगाऊ पैसे होते त्याने जुना दर वर्षभरासाठी विकत घेतला. आणि हे त्या एका रात्रीपुरतंच नव्हतं. त्या बाईचाच पॅक घ्या. अठ्ठावीस दिवसांना २ जीबी, असे बारा वेळा घेतले तर ३३६ दिवस, २४ जीबी आणि २२६८ रुपये. तेच ३३६ दिवस आणि २४ जीबी एकदम घेणाऱ्याला तेव्हा १८९९. वस्तू तीच, पण थोडे थोडे देणाऱ्याला ३६९ रुपये जास्त. दरवाढीआधी हाच फरक ३०१ होता.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने सांगितलं की नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅकही ठेवा, डेटा नको असलेल्यांसाठी. जानेवारीत ते आले. सकाळच्या मावशींना हवा होता तोच पॅक, असं वाटून मी खूश झालो. मग बघितलं तर जिओचा ४४८ चा, एअरटेलचा ४६९ चा, दोन्ही चौऱ्याऐंशी दिवसांचे. इथेही आधी साडेचारशे काढा.

रात्री ८.३०

दिंड्यांची कीर्तनं सुरू झाली, रिचार्जची रांग ओसरली आणि कट्टा भरला. जिओच्या मालकांच्या घरचं लग्न १२ जुलैला, मुंबईत. सगळ्या देशाला तारीख पाठ. "आहेर आधीच घेतला आपल्याकडून," एकाने म्हटलं. दुसरा म्हणाला, "मग एअरटेलवाल्यांचं कुणाचं लग्न आहे?" यावर कुणाकडे उत्तर नव्हतं, पण हशा झाला. दर वाढल्यावर लोक चिडतात, तुलना करतात, सिम बदलतात आणि शेवटी विनोद करतात. फोन मात्र कुणी बंद केला नाही. ओटीपी, गॅसची नोंदणी, बँक, मुलांच्या शाळेचा ग्रुप, सगळं त्याच नंबरावर.

रात्री ११.३०

शटर अर्धं ओढलं होतं. व्होडाफोन-आयडियाचा जुना दर अर्ध्या तासाने संपणार, म्हणून एक रिक्षावाला धावत आला. वारीच्या गर्दीत दिवसभर गाडी चालवून आलेला. वर्षाचा १७९९ चा पॅक, उद्यापासून १९९९. खिशात बाराशे.

माझ्यामागे भिंतीवर पाटी आहे: आज रोख, उद्या उधार. तो पाटीकडे बघत होता, मी घड्याळाकडे. लापूत बॅलन्स होता. पॅक मारला आणि वहीत त्याच्या नावापुढे ५९९ लिहिले.

"महिन्याला शंभर देतो," तो म्हणाला.

"महिना किती दिवसांचा?"

"तिसाचा. मी काय कंपनी आहे का?"