नवा अल्टरनेटर, जुनी तार

घाटातल्या धुक्यासाठी जादा दिवे लावले, ते जुन्याला पेलेनात, म्हणून आमच्या डिझेल जीपला गेल्या पावसाळ्यात 45 अँपिअरच्या जागी 90 अँपिअरचा अल्टरनेटर बसवला. पंधरा दिवसांत बॅटरी उतरायला लागली. सेल्फ जड फिरू लागला. बॅटरी बदलली, तरी तेच. मग निदान आलं, "नवा डायनामो चार्जिंग मारत नाही, परत करा." तोवर मल्टीमीटर कोणीच लावला नव्हता.

इंजिन थोडं रेसवर ठेवून, सगळे दिवे चालू करून आम्ही तो लावला. अल्टरनेटरचा जाड बोल्ट आणि त्याचीच बॉडी यांच्यामध्ये 14.4 व्होल्ट. बॅटरीच्या टोकांवर 13.3. म्हणजे अल्टरनेटर आपलं काम चोख करत होता आणि 1.1 व्होल्ट वाटेत हरवत होते. अशा अल्टरनेटरचा रेग्युलेटर त्याच्या पोटातच असतो, तो स्वतःच्या टोकावरचं व्होल्टेज पाहतो. तारेपलीकडे बॅटरी उपाशी आहे हे त्याला कळायला मार्ग नसतो.

हरवलेलं व्होल्टेज शोधणं सोपं आहे. भार चालू असतानाच मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर ठेवायची. 0.2 किंवा 0.3 पर्यंत ठीक. आमच्याकडे 0.4 आलं, कारण 45 अँपिअरच्या हिशेबाची जुनी तार तशीच राहिली होती. मग अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचं मायनस. इथे 0.2 च्या वर जायला नको, आमच्याकडे चक्क 0.7. इंजिनपासून चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी काम करताना काढली होती आणि परत बसवताना ती रंगावरच आवळली होती. साधारण 40 अँपिअरला 0.7 व्होल्ट खाणारा हा जोड सेल्फच्या 200 अँपिअरला साडेतीन व्होल्ट खातो. सेल्फ जड का फिरत होता, याचं उत्तर तिथेच होतं. बॅटरी आम्ही उगाच बदलली. पॉलिश पेपरने रंग खरवडून पट्टी आवळली, प्लसची तार 16 चौरस मिलीमीटरची टाकली आणि बॅटरीजवळ योग्य फ्यूज दिला. बॅटरीवर 14.2 दिसू लागले.

"मोठा अल्टरनेटर बॅटरी जाळतो" ही भीतीही तेव्हा ऐकली. 90 अँपिअर ही त्याची कुवत आहे. गाडी मागेल तेवढाच प्रवाह तो देतो. गावची टाकी रुंदीने वाढवली म्हणून नळाचा जोर वाढत नाही, तसंच. बॅटरीला धोका व्होल्टेजचा, आणि ते रेग्युलेटर साधारण 13.8 ते 14.5 मध्ये धरून ठेवतो. सतत 15 च्या वर दिसलं, तर मात्र रेग्युलेटर तपासायला हवा.

90 लिहिलंय म्हणून उभ्या गाडीतही 90 मिळतील, असंही नाही. तो आकडा अल्टरनेटर वेगाने फिरतानाचा. न्यूट्रलमध्ये कित्येकदा निम्मेसुद्धा मिळत नाहीत. शिवाय भार वाढला की पट्टा जास्त ओढला जातो. 14 व्होल्टला 90 अँपिअर म्हणजे 1260 वॉट, आणि अल्टरनेटरमधली नासाडी धरून इंजिनाचे सुमारे तीन हॉर्सपॉवर त्यात जातात. जुना, गुळगुळीत झालेला पट्टा तिथे घसरतो, किंचाळतो.

एका सवयीबद्दल कळकळीने सांगतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढायची आणि गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर चांगला, ही परीक्षा कृपया करू नका. बॅटरी चार्जिंग घेत असताना ती अचानक सुटली, की रोटरचं चुंबकत्व लगेच ओसरत नाही. संरक्षण नसलेल्या अल्टरनेटरमध्ये व्होल्टेज क्षणभर 60 च्याही वर उसळू शकतं. त्यात रेग्युलेटर, डायोड, नव्या गाडीचा ईसीयू, काहीही जाऊ शकतं. मीटर असताना हा जुगार कशाला?

डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा विझला म्हणजे सगळं आलबेल, हेही खरं नाही. आमचा दिवा त्या पंधरा दिवसांत इंजिन चालू असताना एकदाही पेटला नव्हता. उलट किल्ली फिरवल्यावर तो पेटतच नसेल, तर बल्ब पाहा. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या बल्बमधूनच रोटरला सुरुवातीचा प्रवाह मिळतो. बल्ब गेला, तर अल्टरनेटर चांगला असूनही चार्जिंग सुरू व्हायला अडखळतं.

आणि रात्रभर उभी गाडी सकाळी उतरलेली सापडली, तर अल्टरनेटरचे डायोडही तपासा. आपण त्याला डायनामो म्हणतो, पण आत एसी तयार होते आणि डायोड तिची डीसी करतात. एखादा डायोड गळका झाला, की इंजिन बंद असतानाही बॅटरी त्यातून हळूहळू रिकामी होते. इंजिन चालू असताना मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर 0.5 व्होल्टच्या वर दिसलं, तर संशय पक्का धरा.

बऱ्याच नव्या गाड्यांत चार्जिंग ईसीयूच्या हातात असतं, त्यामुळे तिथे 12.8 दिसलं म्हणून लगेच बिघाड ठरवू नये. मायनसच्या टोकावर सेन्सर असेल, तर जादा दिव्यांची अर्थिंग थेट त्या टोकावर न देता बॉडीला द्या, नाहीतर तो प्रवाह सेन्सरच्या हिशेबातच येत नाही.