मनोराविरहित लहान विमानतळांवरील वाहतूक-शिस्त : नियम आणि प्रबोधन

प्रस्तावना :
अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे ५००० विमानतळ असून त्यांपैकी सुमारे ५०० ठिकाणीच नियंत्रण मनोरा आहे. उर्वरित विमानतळांवर विमानांचा क्रम ठरवून देणारा कोणीही नसतो. वैमानिकांनी परस्परांना पाहावे, रेडिओवर ऐकावे आणि ठरलेल्या मार्गानेच यावे, यावर तेथील सुरक्षितता अवलंबून असते. या ठरलेल्या मार्गास ‘ट्रॅफिक पॅटर्न’ म्हणतात. त्याच्या पालनास वैमानिकांना कसे प्रवृत्त करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पॅटर्नचे स्वरूप :
पॅटर्न हा धावपट्टीलगतचा आयताकृती हवाई मार्ग होय. उतरणारे विमान प्रथम धावपट्टीला समांतर, परंतु उतरण्याच्या उलट दिशेने जाते. या टप्प्यास डाउनविंड म्हणतात. त्यानंतरचा काटकोनी टप्पा बेस व धावपट्टीच्या रेषेतील अखेरचा टप्पा फायनल होय. उंची साधारणतः जमिनीपासून १००० फूट असते. अन्य सूचना नसल्यास सर्व वळणे डावीकडे घ्यावी लागतात. वैमानिक डाव्या आसनावर बसत असल्याने धावपट्टी त्याच्या नजरेसमोर राहते. कोणते विमान कोठे असेल याचा अंदाज इतरांना बांधता येणे, हेच या रचनेचे मर्म आहे.

नियम आणि शिफारस :
डावी वळणे आणि उतरताना खालच्या विमानास प्राधान्य, या बाबी कायद्याने बंधनकारक आहेत. याउलट डाउनविंडमध्ये ४५ अंशांच्या कोनात प्रवेश करणे, १० मैलांपासून रेडिओवर स्थान सांगणे या संघीय विमान वाहतूक प्रशासनाच्या केवळ शिफारशी आहेत. पॅटर्न वगळून सरळ फायनलवर येण्यासही बंदी नाही. वेळ व इंधन वाचविण्यासाठी अनेकदा तोच मार्ग निवडला जातो.

त्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात. १८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे पॅटर्नमधील सेस्ना १५२ आणि सरळ फायनलवर वेगाने येणारे सेस्ना ३४० यांची टक्कर होऊन ३ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही वैमानिक रेडिओवर बोलत होते. तत्पूर्वी १९ नोव्हेंबर १९९६ रोजी इलिनॉयमधील क्विन्सी येथे परस्परांना छेदणाऱ्या धावपट्ट्यांवर दोन विमाने आदळून १४ जणांचा बळी गेला. तेथे उड्डाण घेणाऱ्या विमानाच्या वैमानिकांनी रेडिओकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते. पहिल्या घटनेत केवळ बोलणे अपुरे ठरले, तर दुसऱ्या घटनेत ऐकणेच राहून गेले.

प्रबोधनाचे मार्ग :
जेथे पाहणारा अधिकारी नाही, तेथे दंडाचा धाक मर्यादित ठरतो. म्हणून पुढील उपाय महत्त्वाचे आहेत.
१) दर २४ महिन्यांनी होणाऱ्या उड्डाण-उजळणीत किमान १ तास जमिनीवरील चर्चा व १ तास उड्डाण अपेक्षित असते. प्रशिक्षकाने या वेळी नियमामागील कारण पटवून द्यावे.
२) नासाच्या १९७६ पासूनच्या सुरक्षा-अहवाल योजनेत अनवधानाने झालेली चूक १० दिवसांत कळविल्यास सामान्यतः दंड माफ होतो. त्यामुळे चुका लपविण्याऐवजी अभ्यासता येतात.
३) प्रामाणिक चुकांबाबत शिक्षेपेक्षा शिक्षणावर भर देण्याचे धोरण प्रशासनाने २०१५ मध्ये स्वीकारले.
४) वेगवान विमानांच्या वैमानिकांनी पॅटर्नमध्ये मंद विमान असल्यास आपला क्रम सोडण्याची सवय लावून घ्यावी.

निष्कर्ष :
मनोरा नसलेल्या विमानतळावर प्रत्येक वैमानिक हाच अंशतः नियंत्रक असतो. पॅटर्नचे पालन केल्याने आपली काही मिनिटे खर्च होतात. परंतु आपण कोठे आहोत हे इतरांना कळते. हा परस्परावलंबनाचा विचार वैमानिकाच्या मनात रुजविणे, हेच प्रबोधनाचे खरे उद्दिष्ट असले पाहिजे.