'शेड्यूल' म्हणजे खालची नव्हे!

दरवर्षी जून महिना लागला की आमच्या मोताळ्यात दाखल्यांची धावपळ सुरू होते. संध्याकाळी आम्ही घरी आलो की समाजातील मुले अर्ज भरून घ्यायला येतात. अशीच बारावी झालेली एक मुलगी आईबरोबर आली होती. 'शेड्यूल्ड कास्ट' या रकान्यापाशी तिचा पेन अडला.

"काका, शेड्यूल म्हणजे खालची ना?" तिने हळूच विचारले.

आई खाली पाहत बसली. आम्हाला राग आला नाही, कारण शाळेत असताना आम्हीही तसेच समजत होतो.

हा शब्द मूळचा लॅटिन. अर्थ इतकाच की कागदाची चिठ्ठी. पुढे इंग्रजीत कायद्याच्या शेवटी जोडलेल्या यादीला शेड्यूल म्हणू लागले. आपण तिला अनुसूची म्हणतो. यादी वेळांची असली की तेच वेळापत्रक. एस.टी.चा ड्रायव्हर "आज आपलं शेड्यूल मलकापूरचं" म्हणतो तेव्हा तो काही जात सांगत नाही! औषधाच्या पाकिटावर 'शेड्यूल एच' छापलेले असते. ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, अशा यादीतले. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यातील दुसऱ्या अनुसूचीत जिचे नाव, ती शेड्यूल्ड बँक. बँका हे अभिमानाने मिरवतात. आपली मराठी भाषाही घटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. मग मराठीला खालची म्हणायचे काय?

कमीपणा होता तो आधीच्या शब्दात. इंग्रज सरकार आपल्याला 'डिप्रेस्ड क्लासेस', म्हणजे दडपलेले वर्ग म्हणत असे. १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' आले आणि १९३६ मध्ये जातींची यादी निघाली. यादीत नाव म्हणजे हक्काला कागदाचा आधार. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४२ साली नागपुरात पक्ष काढला, त्याचे नावच 'शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन' होते.

मात्र याच यादीने आपल्याला दाराबाहेरही ठेवले. १९५० च्या आदेशात हिंदू धर्माची अट होती. १९५६ मध्ये शिखांना त्यात घेतले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला आपण दीक्षाभूमीवर बौद्ध झालो, पण आपल्याला घ्यायला १९९० साल उजाडले. तब्बल ३४ वर्षे! महाराष्ट्राने आपल्या सवलती आधीच दिल्या होत्या, पण केंद्राच्या नोकरीसाठी धर्म लिहावा की सवलत वाचवावी, हा पेच होता. कित्येकांनी कागदावर 'हिंदू'च राहू दिले. ती भीती अजून घराघरांत आहे. बौद्ध लिहिले तर सवलत जाईल, असे सांगणारे आजही भेटतात. कायदा तसे म्हणत नाही.

एवढे ऐकून मुलीने धर्मापुढे 'बौद्ध' लिहिले, प्रवर्गापुढे 'अनुसूचित जाती'. अक्षर मोठे सुरेख आहे तिचे.

तेव्हा आई प्रथमच बोलली, "मंग भाऊ, मोठ्या पोराच्या दाखल्यावर हिंदू लिहेल हाय, त्याचं काय?"

त्याचे सर्व कागद घेऊन रविवारी या, असे आम्ही सांगितले आहे.