कपबशी कोणाच्या हातची?

हॉटेलातली जुनी चालरीत बदलायची तर सुरुवात कुठून करावी? व्यवस्थापनाच्या पुस्तकांत शोधलेले याचे उत्तर मला रत्नागिरीच्या इतिहासात सापडले.

१ मे १९३३ रोजी, स्थानबद्धतेत असताना, सावरकरांनी रत्नागिरीत ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ सुरू केले. तेव्हा हॉटेलांतही शिवाशीव पाळली जाई. इथे सर्व जातींच्या हिंदूंना एकत्र बसता येई. शिवाय वाढायला महार समाजातला माणूस नेमला होता. खरी कसोटी इथेच होती. शेजारी कोण बसले आहे याकडे काणाडोळा करता येतो. समोर आलेली कपबशी मात्र उचलावी तरी लागते, नाहीतर उठून जावे लागते. आणि गिऱ्हाईक उठले की धंदा बसतो. म्हणून सावरकरांनी शिरस्ता घातला : मला भेटायला येणाऱ्याने आधी तिथला चहा घ्यावा.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हीच वाट आधी चोखाळली होती. गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे हॉटेल काढायला मदत केली, स्वतः तिथला चहा घेतला आणि बरोबरच्यांनाही पाजला. तिथे तर मालकच अस्पृश्य मानलेल्या समाजातला. रत्नागिरीच्या प्रयोगाची मर्यादा मात्र त्याच्या नावातच होती.

पुढे १९५० मध्ये राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदाने उपाहारगृहांत जातिधर्मावरून मज्जाव करण्यास बंदी घातली. दार कायद्याने उघडले. पण जातीच्या नावाने घरगुती जेवणाची पाटी दिसली, की मी अजून थबकतो : आत रांधणारे हात कोणाचे चालतात?